असलेल्यांतलं एक नाव

५ फेब्रुवारी

परवा सकाळी वार्ताफलक लिहून झाल्यावर मी एक पाऊल मागे आलो. नेहमीसारखी मान तिरकी करून ओळी सरळ आल्यात का ते पाहिलं आणि खडूचे हात झटकत वाचनालयाचं दार उघडायला गेलो. ओळी सरळ होत्या. अक्षरही चांगलं उतरलं होतं. फक्त एक नाव मी लिहिलं नव्हतं.

नगरपालिकेकडून कागद आला होता. युद्धात गेलेल्या आपल्या भागातल्या सैनिकांचं स्मारक बागेत उभं राहणार, त्यावर कोरायची नावं अशी अशी, कुणाची हरकत असल्यास कळवावी. यादीत मधेच माझ्या दादाचं नाव होतं. मी त्याच्या वरचं लिहिलं, त्याच्या खालचं लिहिलं.

समोरच्या दुकानातून चष्मेवाले पाहत होते. त्यांचं दुकान वाचनालयाच्या अगदी तोंडासमोर. दारात खुर्ची टाकून ते गिऱ्हाइकाला माझा फळा वाचायला लावतात. आत भिंतीवर तक्ता आहे, पण त्यांचं म्हणणं, तक्ता लोकांना पाठ झालाय, बातमी रोज ताजी असते. निधनाची ओळ वाचता आली नाही तर नंबर वाढलाय असं समजायचं, आणि लग्नाची आली नाही तर आहेर टाळायचाय असं समजायचं.

"फळेवाले," ते रस्त्यापलीकडून म्हणाले, "आज मधे कुठेतरी एक ओळ खाल्लीत का हो?"

"जागा पुरली नाही," मी म्हणालो.

खाली वीतभर फळा कोरा होता. तो त्यांनीही पाहिला. 

इतकी वर्षं मी रोज लिहितो आणि रोज पुसतो. वर देशाच्या इतिहासातला आजचा दिवस, मधे गावची बातमी, सगळ्यात खाली घरोघरची: कोणाकडे पाळणा हलला, कोणाचं लग्न, कोण गेलं. सकाळी ओलं फडकं फिरलं की इतिहासही जातो आणि लग्नही जातं. हे मात्र पुसून जाऊ नये असं वाटलं, म्हणून लेकीनं दिलेली ही वही काढली.

६ फेब्रुवारी

कधी काळी कोणी ही वही वाचली तर कळावं म्हणून लिहून ठेवतो.

दादा माझ्याहून खूप मोठा. तो सैन्यातून सुट्टीवर आला, लग्न करून वहिनीला घरी आणलं, आणि सुट्टी संपायच्या आत त्याला परत बोलावणं आलं. मी तेव्हा आमच्या खेड्यातल्या शाळेत पाटी घेऊन जात होतो. युद्ध संपलं. बाकीचे आले, काहींच्या शवपेट्या आल्या, दादाबद्दल 'बेपत्ता' एवढा एक शब्द आला. आईनं तो शब्द धरून ठेवला. "मेलेला कुणी पाहिलाय त्याला?" असं ती विचारायची.

तिन्हीसांजेला देवासमोर बसून नावं घ्यायची ही आईची रीत. आधी असलेल्यांची, यांना सुखी ठेव म्हणून. मग गेलेल्यांची, यांना शांती दे म्हणून. दादाचं नाव कायम असलेल्यांत. जाण्याआधी आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मी गेले की मला गेलेल्यांत घे. त्याला मात्र हलवू नकोस." मी हो म्हणालो. तेव्हापासून नावं मी घेतो आणि वहिनी माझ्या मागून म्हणते.

आता तिला कसं सांगू की लोक दादाचं नाव दगडात कोरायला निघालेत?

९ फेब्रुवारी

सांगावं लागलंच नाही. नगरपालिकेतल्या बाई स्वतः घरी आल्या. तरुण आहेत, चपला दाराबाहेर काढून अगदी हळू बोलत होत्या.

"बेपत्ता असलेल्यांच्या बाबतीत घरच्यांची संमती घ्यावी लागते. पत्नीची सही झाली की पुरे."

वहिनी चहा ओतत होती. कप न सांडता तिनं तो बाईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "ह्याला विचारा."

"पण कायद्यानं तुम्ही..."

"कायद्यानं मी असेन. सासूबाईंना शब्द ह्यानं दिलाय. ह्याच्या मनाविरुद्ध मी सही करायची नाही."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, थोडा वेळ द्या. त्या गेल्यावर मी वहिनीला म्हणालो, "काळजी करू नकोस. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही."

तिनं नुसती मान हलवली आणि कप विसळायला नेले. बायको मात्र माझ्याकडे असं बघत होती की जसं काही दूध मीच उतू जाऊ दिलंय.

१४ फेब्रुवारी

वहिनीच्या चष्म्याची दांडी पुन्हा सैल झाली. या हिवाळ्यात कितव्यांदा, देव जाणे. हल्लीच्या मालात दम नाही हेच खरं. मी म्हणालो, "दे, मी रोज त्यांच्या समोरच असतो, करून आणतो."

"तू फळा बघ. मी जाते," ती म्हणाली. केस पुन्हा विंचरले आणि गेली.

बायको खोकली. तिला काढा करून घे म्हणालो तर म्हणाली, "खोकला नाहीये तो."

२२ फेब्रुवारी

आज फळ्याच्या वरच्या भागात दरवर्षीचं वाक्य: 'या दिवशी युद्धविराम होऊन युद्ध संपले.' दरवर्षी हे लिहिताना खडू जरा अडतो. इतिहासात युद्धाला सुरू व्हायची तारीख असते आणि संपायची असते. आमच्या घरात ते कोणत्या दिवशी संपलं म्हणून लिहू?

वरच्या वर्गात गेल्यावर पुस्तकात ते युद्ध अर्ध्या पानात होतं. गुरुजी म्हणाले, "उभा राहा. ह्याचा भाऊ या युद्धात होता." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला फार अभिमान वाटला, आणि घरी येऊन मी ते आनंदानं सांगितलं. आई उठून आत गेली. वहिनीनं मला जवळ घेऊन विचारलं, "उभा राहिलास तेव्हा सदरा खोचलेला होता ना?"

खरं लिहायचं तर दादाचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो भिंतीवरच्या फोटोतला. मला खांद्यावर घेऊन तो शीळ वाजवायचा हे आठवतं, पण तेसुद्धा वहिनीनंच सांगितलेलं असेल. ती माझ्याजवळ त्याच्याबद्दल बोलायची, म्हणून माझा भाऊ मला मिळाला. तिचे त्याच्याबरोबरचे दिवस तरी किती होते!

२ मार्च

लेकीला मुलगी झाली! दोघी सुखरूप. देवाचे उपकार.

दवाखान्यात बाळ आधी बायकोनं घेतलं, मग वहिनीच्या हातात दिलं. वहिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ बाळाच्या कपाळाकडे बघत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "एवढं मऊ काही हिच्या आईनंतर आत्ताच माझ्या हातात आलं, धाकट्या. तू माझ्या हातात आलास तेव्हा गुडघे फुटलेला होतास आणि चावायचास."

लेक पलंगावरून हसत म्हणाली, "अजून चावतात का?"

"आता फक्त गप्प बसतो," वहिनी म्हणाली. "त्यापेक्षा चावलेलं बरं."

११ मार्च

आज सकाळी नळाला पाणी नाही ही बातमी आयत्या वेळी आली, म्हणून ती टाकायला पुन्हा बाहेर आलो. चष्मेवाल्यांच्या खुर्चीत वहिनी बसली होती. डोळ्यांवर ती तपासणीची जड गोल चौकट. चष्मेवाले एकेक काच घालत होते आणि ती माझा फळा वाचत होती.

"आता कसं दिसतं?"

"मघापेक्षा वाईट."

"आणि आता?"

"आता तर फळेवालासुद्धा दिसत नाही."

"मग हीच काच ठेवू या!"

आणि दोघं हसायला लागली. वहिनी हसताना तोंडावर हात ठेवते, आज तो ठेवायचा राहिला होता. तिचे पुढचे दात किंचित एकमेकांवर चढलेले आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी पाण्याची बातमी लिहायची विसरून आत आलो.

तिचा नंबर बराच वाढलेला दिसतो. या वयात जपायला हवं.

१९ मार्च

वाईट बातमी. चष्मेवाले दुकान बंद करून मुलाकडे राहायला चालले आहेत. महिना-दीड महिन्यात निघणार. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटे आहेत, तेव्हा साहजिकच आहे. स्वतः येऊन म्हणाले, "फळेवाले, गावच्या बातम्यांत टाका. चष्मे दुरुस्तीला दिलेले असतील त्यांनी घेऊन जावेत."

"पण का? धंदा बसला की काय?"

"धंदा ठीक आहे."

"मग?"

ते खडूच्या डबीतला एक तुकडा उचलून बोटांत फिरवत राहिले. "थांबायचं कारण असतं तर थांबलो असतो. आणि ते कारण मागायला जावं तर ते आधीच कुणाची तरी वाट बघत बसलेलं."

मला काही उमगलं नाही. मी म्हणालो, "तुमच्यामुळे माझं अक्षर सुधारलं हो. लांबून वाचणारा असला की माणूस नीट लिहितो." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. सदऱ्यावर खडूचे ठसे उमटले.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी कणीक मळत होती. "असं का?" एवढंच म्हणाली. मग नावं घ्यायला बसलो. दादाच्या नावाशी आलो आणि मागून आवाज आला नाही. मी थांबलो. पुन्हा घेतलं. तरी नाही. वळून पाहिलं तर ती डोळे उघडे ठेवून दिव्याकडे बघत होती.

२० मार्च

सकाळी मी बायकोला म्हणालो, "वहिनीचं काहीतरी दुखतंय का बघ. काल नावं घेताना गप्पच होती."

ती भाजी चिरत होती. विळी बाजूला सरकवली.

"अहो, एक विचारू? चष्म्याचा स्क्रू आपोआप किती वेळा ढिला होतो?"

"माल हल्ली..."

"माल चांगला आहे. मी स्वतः बघितलंय. ताई खिडकीशी बसतात आणि भाजीच्या सुरीच्या टोकानं स्क्रू ढिला करतात. मग केस विंचरतात. मग जातात."

मी खिडकीकडे पाहिलं.

"तुम्ही रोज गावाची बातमी लिहिता," ती म्हणाली, "पण घरात काय चाललंय ते तुम्हाला कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहून दाखवायला हवं."

"पण ती दादाची वाट बघते."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला तसं?"

२१ मार्च

आज फळ्यावर दोन चुका झाल्या. चष्मेवाल्यांनी दाखवल्या नाहीत.

२४ मार्च

इथे खोटं लिहून उपयोग नाही. पहिले दोन दिवस मला राग आला होता. चष्मेवाल्यांचा आला, वहिनीचा आला, सगळ्यात जास्त बायकोचा आला, कारण तिनं सांगितलं. मनात येत होतं, दादा उद्या दारात उभा राहिला तर त्याला काय सांगू?

मग काल नावं घेताना मी स्वतःलाच विचारलं, की दादा दारात येईल असं तुला खरंच वाटतं का? शेवटचं कधी वाटलं होतं? देवासमोर बसून असा प्रश्न पडला की उत्तर टाळता येत नाही. मला कित्येक वर्षांत तसं वाटलेलं नाही. आई होती तेव्हा आईसाठी नाव घेत होतो. आई गेल्यावर वहिनीसाठी. तिच्या मनातला एवढा दिवा माझ्या फुंकरीनं विझू नये म्हणून.

पण आईला दिलेला शब्द? त्याचं काय करायचं ते देवानं सांगितलं नाही. तो सहसा सांगत नाही.

२६ मार्च

आज विचारलं. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा घरी आलो. वहिनी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, मी चादरीचं दुसरं टोक धरलं. लहानपणापासून चादरीची घडी आम्हीच दोघं घालतो.

"वहिनी, तू अजून दादाची वाट बघतेस का गं?"

तिनं चादर झटकली, टोकाला टोक जुळवलं. 

"सासूबाई होत्या तोवर बघत होते. म्हणजे, त्यांच्यासमोर बघत होते. खरं सांगायचं तर त्याच्याआधीच कधीतरी ते थांबलं. एके दिवशी कोणीतरी दार वाजवलं आणि मी दचकले नाही. तेव्हाच कळलं."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"तुला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू रोज संध्याकाळी त्याचं नाव किती मायेनं घेतोस रे. आवाज बदलतो तुझा. मला वाटायचं, ह्याला अजून आशा आहे. ह्याच्या हातून मी ती कशी काढून घेऊ? तुझ्यासाठी म्हणत होते मी मागून."

चादर आम्हा दोघांच्या हातांत तशीच अर्धी दुमडलेली.

"मी तुझ्यासाठी म्हणत होतो," मी म्हणालो.

 ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलं नाही. मी शेजारी बसलो. "इतकी वर्षं," ती म्हणत होती, "इतकी वर्षं, वेड्या, आपण दोघं एकमेकांना..."  आम्ही दादासाठी रडलो. इतकी वर्षं ज्याचं नाव रोज घेतलं त्याच्यासाठी आम्ही एकत्र कधी रडलो नव्हतो. असलेल्या माणसासाठी कसं रडणार?

नंतर नाक पुसून म्हणाली, "सासूबाई रागावतील तुझ्यावर."

"तिच्याशी मी बोलेन."

"मलाही बोलव. एकट्याचं तुझं चालायचं नाही."

चष्मेवाल्यांचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. धाकट्या दिरानं असं कसं विचारायचं असतं, मला कुठे माहीत आहे?

२७ मार्च

तिन्हीसांजेला बसलो. असलेल्यांची नावं घेतली. त्यात आता नातीचं नवं नाव आहे. दादाच्या जागेशी आलो आणि पुढे गेलो.  मग गेलेल्यांची. वडील, आई, आणि आईच्या लगेच शेजारी दादा. वहिनीनं माझ्या मागून त्याचं नाव स्पष्ट घेतलं. बायकोनंही घेतलं.

आईला मनात म्हणालो, तुझ्याजवळच ठेवलाय. आता तूच सांभाळ.

२८ मार्च

सकाळी वहिनी नगरपालिकेत जाऊन सही करून आली. मी बरोबर गेलो, पण बाहेर बाकावर बसलो. ती सही तिचीच होती. बाई दारापर्यंत सोडायला आल्या.

फळ्यावर मधल्या भागात लिहिलं: 'स्मारकावर पुढील नावही कोरले जाईल.' आणि खाली एकट्या ओळीत दादाचं नाव. मोठं लिहिलं. चष्मेवाले रस्ता ओलांडून आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडून दुकानात परत गेले. दिवसभर त्यांनी कुणाला त्या फळ्यावर डोळे तपासायला बसवलं नाही, आतला तक्ता वापरला. हे मी पाहिलं. मला हल्ली थोडं थोडं दिसायला लागलंय.

३० मार्च

आज गेलो होतो. सरळ सांगायचं असं ठरवून गेलो होतो. दुकानात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. चष्मेवाले म्हणाले, "या, बसा. डोळे तपासायचेत?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. तपासले. नंबर निघाला. चौकट निवडली. मापं दिली. घरी आलो.

बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"चष्मा लागला."

तिनं कपाळावर हात मारला. आतून वहिनीचं हसू ऐकू आलं, म्हणजे दोघींचं बोलणं झालेलं आहे. या घरात बातमी सगळ्यात शेवटी मला कळते.

३ एप्रिल

धुतलेला सदरा घातला. फळा लवकर लिहिला. निघताना वहिनी दारात आली, माझी कॉलर नीट केली, शाळेत सोडायच्या आधी करायची तशी.  बायको मागून म्हणाली, "आज चौकट बिवकट घेऊन येऊ नका."

चष्मेवाले काचा कागदात गुंडाळत होते. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानं म्हणालो,

"चष्मेवाले, मी आज मुलीकडचा म्हणून आलोय."

त्यांचा हात थांबला.

"आमच्या घरी एक मुलगी आहे. माझ्याहून वयानं मोठी आहे, पण मोठं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मलाच यावं लागलं. तिनं मला वाढवलं. पुस्तकात अर्ध्या पानात बसवलेल्या युद्धात तिचं अख्खं तारुण्य गेलं, आणि उरलेलं आमच्या घरात गेलं. स्वभावानं गोड आहे. हसते चांगली, पण आमच्याकडे फार हसायला मिळालं नाही. तुमच्या मनात असेल तर..." पुढचं पाठ केलेलं होतं, ते आठवेना. "तर जाऊ नका."

त्यांनी हातातली काच खोक्यात ठेवली. मग चष्मा काढून पुसायला लागले. पुसलेला पुन्हा पुसला. म्हणाले, "मुलीला विचारलंत?"

"तिनंच पाठवलंय हे सांगायचं नाही, असं तिनं सांगितलंय."

तेव्हा कुठे ते हसले. डोळे तसेच ओले. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मुलाला कळवतो, मी येत नाही म्हणून. त्यालाच इकडे बोलावतो, लग्नाला." मग आजूबाजूला बघत, "ही खोकी सोडायला मदत कराल का?" आम्ही दोघांनी मिळून काचा पुन्हा कपाटात लावल्या. वाचनालय उघडायला उशीर झाला. लोक पायऱ्यांवर खोळंबले होते.

घरी गेलो तेव्हा दोघी ओट्याशी उभ्या, पाठ माझ्याकडे, जशा काही कामातच आहेत. मी पाणी प्यायलो. कुणी वळेना.

"हो म्हणाले," मी सांगितलं.

आज मी माझ्या वहिनीचं लग्न ठरवून आलो.